वेदीवरचे अर्पण आणि कराडची ताई

वाचकाचे पत्र, थोडक्यात : मिरजेतील एका गृहस्थांनी चार पानांचे पत्र पाठवले आहे. त्यांचे वय ४६. घराणे तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. आजोबा मिशनच्या इस्पितळात कंपाउंडर होते. ते स्वतः १९ वर्षे सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर हिशेब लिहितात आणि मंडळीत पंच आहेत. काही महिन्यांपूर्वी एका संजीवन सभेत प्रचारकांनी पवित्र शास्त्रातल्या लावदिकीया गावच्या मंडळीवर संदेश दिला आणि कोमट विश्वासापेक्षा अविश्वास परवडला, असे सांगितले. तेव्हापासून त्यांना नीट झोप नाही. आपण उपासनेला जातो, दशांश देतो, पण प्रार्थनेत डोळ्यांत पाणी येत नाही, म्हणजे आपण अर्ध्या मनाचे ख्रिस्ती आहोत, असे त्यांना वाटते. म्हणून नोकरी सोडून पूर्णवेळ सेवेत उतरायचे आणि आईवडिलांचे घर विकून येणारी सगळी रक्कम प्रार्थनागृहाच्या बांधकामाला द्यायची, असे त्यांनी ठरवले आहे आणि पाळकांना तसा शब्दही दिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला, हे उदाहरण त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. मुलगी बारावीला, मुलगा नववीत. पत्नीचा विरोध आहे. ‘आधी कराडच्या ताईंचं बघा,’ असे ती म्हणते. तिचे मन अजून संसारात अडकले आहे, असे ते लिहितात. तिसऱ्या पानावर कंसात एक वाक्य आहे : विधवा थोरल्या बहिणीने ११ वर्षांपूर्वी त्या घराच्या हक्कसोडपत्रावर सही केली, तिच्या वाट्याचे पैसे द्यायचे कबूल केले होते, ‘ते राहून गेले’. आणखी एका ठिकाणी ते लिहितात की, अडतीवर शेतकऱ्याच्या पोत्यामागे ठरल्यापेक्षा थोडे अधिक वजन कापले जाते, ते वहीत त्यांच्याच हाताने उतरते आणि त्या वातावरणातून त्यांना बाहेर पडायचे आहे. त्यांचा प्रश्न असा : देवाला सर्वस्व द्यायचे असेल, तर घरच्यांचा विरोध किती मनावर घ्यावा?

प्रिय बंधू, सलाम.

तुमची झोप उडाली आहे याची मला काळजी वाटते, पण ती ज्या कारणाने उडाली आहे त्याचा मला आदरही वाटतो. ‘इतकं मनाला लावून घेऊ नका, चारचौघांसारखं राहा,’ असा सल्ला तुम्हांला आजूबाजूच्या पुष्कळांनी दिला असेल. तो मी देणार नाही. संपूर्ण मनाने, संपूर्ण जिवाने आणि संपूर्ण शक्तीने परमेश्वरावर प्रीती कर, ही पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायातली आज्ञा आहे आणि सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती असे विचारल्यावर प्रभु येशूने हीच सांगितली. अर्धे मन देवाला आणि अर्धे मन आपल्या सोयीला, अशी वाटणी त्या आज्ञेत बसत नाही. तेव्हा सर्वस्व द्यावे की नाही, याबद्दल तुमच्यामाझ्यात वाद नाही. मला शंका आहे ती वेगळी. तुम्ही जे द्यायला निघाला आहात, तेच तुमच्याकडे मागितले गेले आहे का, हे पाहण्याआधीच तुम्ही घरच्यांच्या विरोधाचा प्रश्न विचारला आहे.

ज्या संदेशाने तुम्हांला हलवले त्यापासून सुरुवात करते. प्रकटीकरणाच्या तिसऱ्या अध्यायात लावदिकीयाच्या मंडळीला ‘तू शीत नाहीस व उष्ण नाहीस’ असे सुनावले आहे, आणि आपल्या सभांमध्ये त्याचा अर्थ बहुधा भावनेच्या तापमानाने लावला जातो : उष्ण म्हणजे आवेशाचा, शीत म्हणजे अविश्वासू आणि कोमट म्हणजे मधला. पण ते गाव कुठे होते ते पाहा. आजच्या तुर्कस्तानातल्या एका खोऱ्यात लावदिकीया वसले होते. जवळच हायरापोलिसला गरम पाण्याचे झरे होते, आजही आहेत, आणि लोक तिथे अंग शेकायला जात. दुसऱ्या बाजूला कलस्सै, तिथले पाणी थंड आणि पिण्याजोगे. लावदिकीयाला मात्र लांबून नळाने पाणी आणावे लागे, आणि त्या नळांत साचलेले क्षारांचे थर उत्खननात सापडले आहेत. म्हणून अनेक अभ्यासक म्हणतात की इथे उष्ण आणि शीत दोन्ही चांगलेच आहेत, कारण दोन्हींचा कुणाला तरी उपयोग होतो. कोमट आणि क्षारट पाण्याने ना दुखणारे अंग शेकत, ना तहान भागत. हा अर्थ मला पटतो, कारण त्याच उताऱ्यात त्या मंडळीचा खरा दोष पुढे सांगितला आहे : मी श्रीमंत आहे, मला काही उणे नाही, असे ती म्हणत होती आणि आपली उघडीनागडी अवस्था तिला दिसत नव्हती. तिच्या डोळ्यांत पाणी आले नाही, अशी तक्रार तिथे नाही. डोळ्यांत अंजन घाल, म्हणजे तुला दिसेल, असे सांगितले आहे.

‘मन’ या शब्दाचेही तसेच आहे. आपण मन म्हणतो तेव्हा भावना डोळ्यांपुढे येते, पण पवित्र शास्त्रातल्या हिब्रू भाषेत अंतःकरण हे माणसाचे ठरवण्याचे ठिकाण आहे : विचार, निश्चय, इच्छा सगळे तिथून निघते. आणि त्या आज्ञेतल्या ‘संपूर्ण शक्तीने’ या शब्दांचा अर्थ जुन्या यहूदी गुरूंनी ‘आपल्या सगळ्या धनासह’ असा लावून ठेवला आहे. म्हणजे ज्याला आपण भक्तीचा विषय समजतो, त्यात घराचा कागद, बँकेचे पासबुक आणि अडतीवरची वही पहिल्यापासूनच धरलेली आहे. प्रार्थनेत डोळे भरून येणे हे देवाचे दान आहे. ते कधी मिळते, कधी मिळत नाही, आणि न मिळाल्याबद्दल तुम्ही स्वतःला दोषी धरू नये.

मग अर्धे मन ओळखायचे कशावरून? मला या प्रश्नावर शौल राजाची गोष्ट फार जवळची वाटते. पहिल्या शमुवेलाच्या पंधराव्या अध्यायात त्याला अमालेकी लोकांचा त्यांच्या गुराढोरांसकट नाश करण्याची आज्ञा मिळाली होती. (त्या आज्ञेचा कठोरपणा हा स्वतंत्र आणि अवघड विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.) शौलाने ती बहुतेक पाळली, पण चांगली चांगली मेंढरे आणि बैल मागे ठेवले. शमुवेल संदेष्टा भेटायला आला तेव्हा शौलच पुढे होऊन म्हणाला की परमेश्वराची आज्ञा मी पाळली आहे. शमुवेलाने एवढेच विचारले, मग मेंढरांचे हे बें बें माझ्या कानांवर येते आहे ते कसले? त्यावर शौलाचे उत्तर होते की ती परमेश्वराला यज्ञ करण्यासाठी ठेवली आहेत. बंधू, इथे थोडे थांबा. शौल देवाला नकार देत नव्हता. तो देवाला पुष्कळ काही द्यायला तयार होता, वेदीवर रक्ताचे पाट वाहायला तयार होता, फक्त जे मागितले होते ते सोडून. म्हणून शमुवेल म्हणाला की यज्ञापेक्षा आज्ञा पाळणे बरे. अर्धे मन नेहमी आळशी, थंड, झोपाळू असते असे आपण धरून चालतो. पण ते कधी कधी मोठ्या त्यागाची झूल पांघरून येते, आणि तेव्हा ते ओळखणे फार कठीण होते, कारण सगळी मंडळी त्याचे कौतुक करत असते.

तुमच्या पत्रात मला ते बें बें तिसऱ्या पानावर ऐकू आले. चार पानांत सेवेबद्दल, अर्पणाबद्दल, टिळकांबद्दल तुम्ही भरभरून लिहिले आहे आणि बहिणीबद्दल एक वाक्य, तेही कंसात. ‘ते राहून गेले.’ अकरा वर्षे एखादी गोष्ट राहून जात नाही, ती ठेवलेली असते. हे मी कठोरपणे लिहीत नाही, ओळखीने लिहिते आहे. ती ओळख कशी ते पुढे सांगते. आधी तुमच्या घराचा हिशेब पाहू. आपल्याकडे ख्रिस्ती कुटुंबांना १९२५ चा भारतीय वारसा कायदा लागू होतो आणि त्यात मुलगा व मुलगी यांचा वाटा सारखा आहे. तुम्ही दोघेच भावंडे, तेव्हा आईवडिलांच्या पश्चात ते घर निम्मे ताईंचे होते. त्यांनी हक्कसोडपत्रावर सही केली ती तुमच्या शब्दावर विसंबून. तो कागद झाल्यावर कायद्याच्या नजरेत घर एकट्या तुमचे झाले. त्या आज कोर्टात गेल्या तर तुमच्या तोंडी शब्दाचा पुरावा त्यांच्याकडे असेलच असे नाही. नेमके म्हणूनच हा आज्ञापालनाचा प्रश्न आहे. जिथे कुणी भाग पाडू शकत नाही, तिथेच माणसाचे मन कुणाचे आहे ते कळते.

आणि आता तेच घर विकून तुम्ही सगळी रक्कम देवाच्या कामाला देणार आहात. मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभु येशूने अशा लोकांना बोल लावला आहे, जे आईबापांच्या पोषणासाठी लागणारे धन ‘कुर्बान’ म्हणजे देवाला वाहिलेले आहे असे जाहीर करत आणि मग आईबापांसाठी काही करण्यातून मोकळे होत. त्यांनी देवाच्या नावाने देवाचीच आज्ञा रद्द केली, असे तो म्हणाला. ताईंच्या वाट्याच्या पैशांतून प्रार्थनागृहाची भिंत उभी राहिली, तर त्या भिंतीआड बसून तुमच्या डोळ्यांत पाणी येईल का, याचा तुम्ही शांतपणे विचार करा.

माझी गोष्ट लहान आहे, तरी सांगते. मी साताऱ्यात शिक्षिका होते. अडचणीच्या एका महिन्यात एका सहशिक्षिकेकडून मी बाराशे रुपये उसने घेतले. पुढे तिची जतला बदली झाली, पैसे द्यायचे राहिले, आणि मग इतका काळ लोटला की द्यायला जायचीच लाज वाटू लागली. बारा वर्षे गेली. त्या बारा वर्षांत मी शब्बाथ शाळेत मुलांना दहा आज्ञा शिकवल्या, उपवासाच्या चाळीस दिवसांत इतरांपेक्षा दोन वारांचे उपवास जास्त केले, आणि दर वर्षी मला वाटायचे की माझ्या प्रार्थनेला काहीतरी अडसर आहे, माझा विश्वास उथळ आहे. शेवटी एका शनिवारी एसटीने जतला गेले. ती एव्हाना विसरली असेल, असे मी प्रवासभर मनाशी म्हणत होते. तिने चहा टाकला, पैसे मोजून घेतले, मग कपाटातून एक जुनी डायरी काढली, पाने उलटत नेमक्या ओळीवर आली, बाराशे या आकड्यापुढे ‘मिळाले’ असे लिहिले आणि खाली त्या दिवशीची तारीख घातली. मला ती एका शब्दानेही बोलली नाही. परतीच्या गाडीत मला काही फार मोठा आनंदबिनंद झाला नाही, हेही सांगून टाकते. मला गाढ झोप लागली एवढेच. म्हणून ताई विसरल्या असतील असे धरून चालू नका. ज्याचे येणे असते, त्याच्याकडे ती ओळ लिहिलेली असते.

तुमच्या पत्नीबद्दल तुम्ही लिहिले आहे की तिचे मन संसारात अडकले आहे. मला तर तुमच्या पत्रातले सर्वांत स्पष्ट आज्ञापालन त्यांच्याच तोंडी दिसते. ‘आधी कराडच्या ताईंचं बघा’ हे बोलणे आणि ‘वेदीजवळ अर्पण नेताना भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर’ हे डोंगरावरच्या प्रवचनातले बोलणे, ही दोन वेगळी आहेत का? आपण घरातल्या विरोधाला लगेच सैतानाचा अडथळा म्हणतो. कधी तो तसा असेलही. पण ज्या घरात एका माणसाचा पगार चालू आहे, मुलगी बारावीला आहे आणि नवरा झोपत नाही, त्या घरातली बाई बोलते तेव्हा तिचे ऐकून घेणे हा सुद्धा देवाचे ऐकण्याचा एक मार्ग आहे.

टिळकांचे उदाहरण तुम्ही दिले आहे, तेव्हा त्यांच्याविषयीही पूर्ण पाहू या. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईत १० फेब्रुवारी १८९५ रोजी झाला. पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला तो १९१७ साली. मध्ये २२ वर्षे आहेत. त्या वर्षांत त्यांनी शिकवले, ‘ज्ञानोदय’ या मिशनच्या नियतकालिकाचे संपादन केले, आज आपण उपासनेत गातो ती गीते रचली. दरबार हा त्या दीर्घ आज्ञापालनाच्या शेवटी आलेला टप्पा होता. दोनच वर्षांनी, १९१९ च्या मे महिन्यात, ते वारले. आणि सुरुवातीची गोष्टही विसरू नये. बाप्तिस्मा घेताना त्यांनी लक्ष्मीबाईंना विश्वासात घेतले नव्हते. त्याचे दुःख लक्ष्मीबाईंनी आपल्या आत्मकथनात लिहून ठेवले आहे, आणि पुढे काही वर्षांनी त्या ख्रिस्ताकडे आल्या त्या स्वतःच्या विचाराने, नवऱ्याने ओढून नेल्यामुळे नव्हे. टिळकांविषयी मला अपार आदर आहे. म्हणूनच त्यांच्या आयुष्यातले शेवटचे पान फाडून घेऊन कुणी पहिल्या पानावर चिकटवू नये, असे वाटते.

आता पाळकांना दिलेल्या शब्दाचे काय? नवस केलास तर फेडायला उशीर करू नकोस, असे उपदेशकाच्या पुस्तकात आहे, आणि तुम्ही पंच असल्यामुळे शब्द मागे घेणे तुम्हांला जड जाणार हे मी समजू शकते. पण जे आपले नाही ते कुणाला वाहता येत नाही. घराचे निम्मे मोल ताईंचे आहे, ते तुमच्या शब्दात कधी नव्हतेच. तेव्हा पाळकांना एकट्याने भेटा आणि जे आहे ते सांगा : माझ्याकडून चूक झाली, बहिणीचा वाटा आधी द्यायचा आहे, त्यानंतर माझ्या भागातले किती देता येईल ते मी पत्नीशी बोलून सांगतो. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातल्या, जमीन विकणाऱ्या हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याची गोष्ट आपण काही भाग ठेवून घेतल्याची शिक्षा म्हणून सांगतो, पण पेत्राने हनन्याला काय म्हटले ते वाचा. जमीन तुझीच होती, विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती होते. ठेवून घेणे हा अपराध नव्हता. काही भाग देऊन सगळे दिले असे दाखवणे हा होता. मंडळीसमोर कमी आकडा सांगायची लाज वाटली, तर त्या लाजेला भिऊ नका.

व्यवहार असा करावा. घर विकायचेच ठरले असेल, तर ताईंना आधी सांगा, भाव त्यांना कळू द्या, आणि खरेदीखताच्या दिवशी खरेदीदाराकडून येणारी रक्कम तुमच्या खात्यात येताच त्यांचा निम्मा भाग त्यांच्या खात्यात वळता करा. ‘पुढच्या महिन्यात’ हे शब्द त्या व्यवहारात नकोत. हिशेब ११ वर्षांपूर्वीच्या भावाने करू नका, आजच्या भावाने करा. नियमशास्त्रात दुसऱ्याचे बुडवलेले परत करताना मुद्दलावर पाचवा हिस्सा अधिक घालायला सांगितले आहे आणि जक्कय या जकातदाराने चौपट द्यायची तयारी दाखवली. त्या मानाने आजचा भाव ही फार मोठी गोष्ट नाही. घर विकायचे नसेल, तर एका वकिलाकडून दोघांमधला करार लिहून घ्या, त्यात रक्कम आणि हप्त्यांची मुदत घाला, आणि पहिला हप्ता करारासोबतच द्या. तोंडी शब्दाने ज्याचा एकदा विश्वास गेला, त्याला दुसऱ्यांदा तोंडी शब्द देऊ नये.

अडतीची गोष्ट निराळी आहे आणि माझ्या मते अधिक अवघड. तुम्ही त्या वातावरणातून बाहेर पडू पाहता. पण तुम्ही उद्या मुकाट्याने राजीनामा दिला, तर परवा तुमच्या खुर्चीवर दुसरा बसेल आणि तोच आकडा लिहील. शेतकऱ्याचे वजन त्याला परत मिळणार नाही. लूकाच्या तिसऱ्या अध्यायात जकातदार बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाकडे आले आणि आम्ही काय करावे, असे विचारू लागले. त्या काळी जकातदारी हा किती बदनाम धंदा होता! तरी योहानाने त्यांना धंदा सोडायला सांगितले नाही. ठरवून दिले आहे त्याहून अधिक घेऊ नका, एवढेच सांगितले. जणू तुमच्या वहीकडे पाहूनच बोलला असावा. तेव्हा राजीनाम्याच्या आधी एक वाक्य आहे, ते मालकांना सांगायचे आहे, हमाल-तोलाईदारांसमोर नाही, एकटे गाठून : काट्यावर दिसेल तेच वजन यापुढे माझ्या हाताने वहीत उतरेल.

दानिएलाने बाबेलच्या दरबारात अन्न नाकारताना कारभाऱ्याशी भांडण केले नाही, दहा दिवस पाहा आणि मग ठरवा, असे म्हणून वाट काढली. तुम्हीही मालकांकडे एक हंगाम मागून पाहा. एकोणीस वर्षे तुमच्या हिशेबात चूक निघालेली नाही, असे तुम्ही लिहिले आहे. त्या विश्वासाचे वजन त्यांच्या मनात असणार. सरळ वजन देणाऱ्या अडतीकडे शेतकरी पुन्हा माल घेऊन येतो, हे त्यांनाही ठाऊक आहे. ते ऐकतील असे वचन मी देऊ शकत नाही. नाही ऐकले, तर तिथून निघावेच लागेल, पण तेव्हा तुम्ही एका खऱ्या वाक्यामुळे निघाला असाल. त्या दृष्टीने आजपासूनच दुसऱ्या कामाची चौकशी सुरू करा आणि पत्नीसोबत बसून एक मुदत ठरवा, सहा महिन्यांपेक्षा लांब नको. मुदत नसलेली सावधगिरी म्हणजे पुन्हा ‘ते राहून गेले’.

पूर्णवेळ सेवेचे दार मी बंद करत नाही. तुम्हांला बोलावणे असेलही. मात्र ‘पूर्णवेळ’ या शब्दाने आपल्या मंडळ्यांत एक गैरसमज रुजवला आहे, की पगारी नोकरी करणारा विश्वासू अर्धवेळचा असतो. पौल करिंथात अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवत होता, हे प्रेषितांच्या अठराव्या अध्यायात आहे, आणि त्याला अर्ध्या मनाचा कुणी म्हणणार नाही. ताईंचा हिशेब मिटू दे, मुलीची बारावी होऊ दे, वर्षभर सुटीच्या दिवशी आजाऱ्यांच्या भेटी, इस्पितळातल्या वॉर्डातली प्रार्थना, जे हाताशी असेल ते करा. वर्षानंतरही ओढ तशीच राहिली आणि तुमच्या पत्नीलाही ती दिसू लागली, तर पुन्हा लिहा. बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा अंदाज करावा, हे प्रभूनेच सांगितलेले आहे.

अशाच आशयाची पत्रे मला इतरही येतात. एका परिचारिकेने लिहिले होते की ती रात्रभर साखळी प्रार्थनेत असते आणि घरी सासूशी तीन वर्षे बोललेली नाही. एका तरुणाला शास्त्रपाठशाळेत जायचे होते, पण मित्राकडून घेतलेली मोटारसायकल त्याला परत करायची नव्हती. त्या सगळ्यांना मी एकच काम सांगते. देवासाठी काय काय करायचे याची यादी करायच्या आधी, कोणत्या एका माणसाचे नाव आले की आपण विषय बदलतो ते कागदावर लिहा. बहुधा आज्ञा तिथे अडकलेली असते.

झोपेबद्दल एक. इतके महिने नीट झोप नसेल, तर डॉक्टरांना दाखवा, आणि तसे केल्याने विश्वास कमी पडतो असे मानू नका. एलीया संदेष्टा थकून रतामाच्या झुडपाखाली मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. दोनदा झोपू दिले आणि दोनदा भाकर खायला दिली. आणि प्रार्थनेत मन लागत नाही तेव्हा मार्काच्या नवव्या अध्यायातल्या त्या बापाचे शब्द म्हणा, ज्याचा मुलगा आजारी होता : माझा विश्वास आहे, माझा अविश्वास घालवून टाका. प्रभूने ते अर्धेमुर्धे वाक्य परत केले नाही, मुलाला बरे केले.

आता कराडचे. लहानपणी मी हरिपूरला हळदीची पेवे उघडताना पाहिली आहेत. जमिनीखाली विहिरीएवढी पोकळी, तोंड अरुंद आणि मातीने लिंपून बंद केलेले. पेव उघडले की कुणी लगेच आत उतरत नसे. तोंड उघडून हवा खेळू देत, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडत, आणि ज्योत विझली तर माणसे वर थांबत. अकरा वर्षे बंद असलेल्या गोष्टीचे तसेच करा. पहिल्या भेटीत क्षमेची, गळाभेटीची, एकत्र प्रार्थनेची अपेक्षा ठेवू नका. ताई रागावतील, गप्प बसतील, किंवा ‘मला काही नको’ म्हणतील. ‘नको’ म्हणाल्या तरी ते खरे धरून परत फिरू नका. त्यांच्या वैधव्यातल्या अकरा वर्षांत काय काय अडले ते त्यांना बोलू द्या आणि मध्ये शास्त्रवचन सांगू नका.

मिरजेहून सकाळच्या गाडीने निघालात तर कराड फार लांब नाही. पत्नीला बरोबर न्या, शक्य असेल तर आधी त्यांनाच फोन करू द्या. हक्कसोडपत्राची प्रत आणि पहिल्या रकमेचा चेक सोबत असू द्या. पत्रात तुम्ही लिहिले आहे की शनिवारची उपवास प्रार्थना तुम्ही सहा वर्षांत एकदाही चुकवलेली नाही. या शनिवारी ती चुकवा.